डायनोवर गाडी चढवण्याआधी हे वाचा

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून इनटेक, एक्झॉस्ट आणून गाडीला बसवणारे गिरगाव-दादरकडे पुष्कळ आहेत. पण भाग बदलले की इंजिनात जाणारी हवा बदलते. ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, पेट्रोल आणि स्पार्कचा हिशोब मात्र कंपनीचाच राहतो. तो जुळवायची जागा म्हणजे डायनो. रात्री लालबागच्या उड्डाणपुलावर फुल थ्रॉटल देऊन ट्यूनिंग करू नका, कळकळीने सांगतोय.

डायनोवर गाडी पट्ट्यांनी करकचून बांधतात आणि चाकं रोलरवर फिरवून टॉर्क मोजतात. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळाले. हा आकडा चाकांवरचा, म्हणून ब्रोशरपेक्षा कमीच दिसणार. घाबरू नका, बाकीची ताकद गिअरबॉक्स, टायर खातात.

माझ्या मते पॉवरपेक्षा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आलेख महत्त्वाचा. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉल मिसळलेल्या ई२० ला सुमारे १३.५ पट. म्हणून ट्यूनरला मिश्रण लॅम्डामध्ये, म्हणजे त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या तुलनेत, वाचायला सांगा. टर्बो गाडीचं मिश्रण पूर्ण लोडवर या आदर्श प्रमाणाहून रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, हवं, नाहीतर नॉकिंग होऊन पिस्टन जातो. रोज जे पेट्रोल भरता तेच टाकीत घेऊन जा. १०० ऑक्टेनवर बसवलेला मॅप, म्हणजे ईसीयूमधला हिशोब, साध्या पेट्रोलवर चालवणं धोक्याचं.

आपल्या दमट उकाड्यात पॉवर पडते. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, त्याच डायनोवर, समोर मोठा पंखा लावून घ्या. दोन्ही आलेख कागदावर मागून घ्या.