प्रोग्रॅमरचे नित्यवाचन

संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हा ज्याचा व्यवसाय, त्याची विद्या एकदा संपादन करून जन्मभर पुरणारी नव्हे. पायथॉन या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघते. जावाची वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबरात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, आणि अशा वार्तांवरील मोठ्या शहरांचा मक्ता हळूहळू संपला. आज शिरूर अथवा दौंड येथे बसलेल्या प्रोग्रॅमरला नवी वार्ता पुण्यामुंबईच्या व्यवसायबंधूइतक्याच त्वरेने मिळते. तेव्हा अडचण आहे ती वार्तेच्या दुष्काळाची नसून महापुराची होय. या पुरातून आपल्या उपयोगाचे तेवढे कसे वेचावे, हाच खरा प्रश्न.

दौंड जंक्शनावर पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारही दिशांच्या गाड्यांच्या घोषणा कानी पडतात. प्रत्येक घोषणेसरशी जो प्रवासी धावू लागेल, तो कोठेच पोहोचणार नाही. शहाणा प्रवासी आपल्या गाडीचे वेळापत्रक पाहून ठेवितो आणि तिच्याच घोषणेकडे कान देतो. प्रोग्रॅमरनेही प्रथम अशीच एक यादी करावी: आपले काम कोणत्या भाषेवर, कोणत्या डेटाबेसवर, इतरांनी लिहिलेल्या कोणत्या तयार संचांवर अवलंबून आहे, आणि त्या प्रत्येकाची कोणती आवृत्ती आपण वापरितो. या यादीतील वस्तूंविषयीच्या सूचना रोज पाहाव्या. इतर सर्व नवलाईस आठवड्यातून एक निवांत तास पुरे.

ही यादी नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण २०१७ साली अमेरिकेत घडले. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जव्यवहाराची नोंद ठेवणारी कंपनी. ती वापरीत असलेल्या स्ट्रट्स या संचातील दोष व त्याची दुरुस्ती मार्च महिन्यात जाहीर झाली. कंपनीतील लोकांस सूचनाही गेली. परंतु एका ठिकाणी दुरुस्ती व्हावयाची राहिली. मे महिन्यात चोर तेथूनच शिरले, आणि सुमारे १४ कोटी ७० लक्ष माणसांची खाजगी माहिती चोरीस गेली. बातमी मिळाली होती. ती आपल्या घरातील कोणत्या दाराविषयी आहे, हे मात्र ओळखले गेले नाही. भारतात अशा दोषांविषयी सावधगिरीच्या सूचना ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ पासून देत आहे. त्या कोणासही विनामूल्य वाचता येतात.

दुसरा नियम असा की, ऐकीव वार्तेवर न थांबता मुळाकडे जावे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी बायबलाचे सुबोध मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून मूळ संहितेचा आधार घेतला. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तो संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमरचे मूळ म्हणजे त्या त्या भाषेच्या कर्त्यांनी प्रत्येक आवृत्तीबरोबर दिलेले अधिकृत टिपण. नवे काय आले, जुने काय काढले, आणि कोणत्या आवृत्तीस कोठवर आधार मिळणार, हे त्यात स्पष्ट असते. पायथॉनच्या २ क्रमांकाच्या शाखेचा शेवट प्रथम २०१५ साली व्हावयाचा होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. ज्यांनी हे मुळात वाचले, त्यांस आपली जुनी आज्ञावली बदलावयास पाच वर्षांहून अधिक अवधी मिळाला. इतरांची ऐनवेळी तारांबळ उडाली.

तिसरा नियम म्हणजे वार्तेचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या संचात अतिशय घातक दोष उघडकीस आला. लगोलग दुरुस्ती निघाली. पण तीही अपुरी ठरून त्याच महिन्यात आणखी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. पहिल्या दिवशीची बातमी वाचून जो निर्धास्त झाला, तो फसला.

चौथी गोष्ट वाचनाच्या पलीकडची आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून ‘आता प्रोग्रॅमरची गरज उरली नाही’ येथपासून ‘यात काही तथ्य नाही’ येथपर्यंत सर्व प्रकारची भाकिते ऐकू येतात. अशा वेळी आपल्याच कामातील एखादा लहानसा भाग नव्या साधनाकडून करवून घ्यावा, त्याचे उत्तर तपासावे, आणि त्यास काय साधले व कोठे चुकले, याची दोन ओळींत नोंद ठेवावी. शिरूरचा शेतकरी नवे बियाणे प्रथम एका वाफ्यात लावून पाहील, सर्व शेत त्यावर सोपविणार नाही. तीच रीत येथेही हितकर होय.

रोज अर्धा तास यादीसाठी, आठवड्यास एक तास नवलाईसाठी, आणि महिन्यातून एक दिवस स्वतःच्या प्रयोगासाठी, एवढा नेम पाळणारा प्रोग्रॅमर कोणत्याही गावी राहिला तरी मागे पडण्याचे कारण नाही.