१४ जानेवारीची दुसरी आठवण

१४ जानेवारी हा दिवस आमच्या घरांत नामविस्तार दिन म्हणून पाळला जातो. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि ते नाव प्रत्यक्षात लागायला १९९४ साल उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे गेली, असंख्य तरुणांनी लाठ्या खाल्ल्या. सातासमुद्रापार आलो तरी त्या दिवशी आम्ही मेणबत्ती लावतो, मुलांना विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र दाखवतो आणि शहिदांचे स्मरण करतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा कुटुंबांसाठी याच तारखेला आणखी एक आठवण जोडलेली आहे. १४ जानेवारी २००३ रोजी मँचेस्टरच्या उत्तरेकडील क्रम्पसॉल भागात स्टीफन ओक नावाचा एक गुप्तचर पोलीस कर्तव्यावर असताना मारला गेला. वय अवघे चाळीस. मागे पत्नी आणि तीन मुले. तो आपल्या समाजाचा नव्हता, आपल्या धम्माचाही नव्हता. तरीही त्याचे स्मरण या पानांवर व्हावे असे आम्हांस वाटते. त्याची कारणे पुढे येतीलच.

ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या स्पेशल ब्रँचमध्ये स्टीफन ओक डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होते. ब्रिटनमध्ये ‘डिटेक्टिव्ह’ हा वरचा हुद्दा नाही. पगारपत्रकात तो माणूस साधा शिपाईच असतो. काम मात्र चिकाटीचे. गणवेश नाही, गाजावाजा नाही. कागद वाचायचे, माणसे ओळखायची, दिवसेंदिवस माग काढत राहायचे. पोलिसी हा त्यांच्या घरचा वारसा होता. वडील रॉबिन ओक हे आइल ऑफ मॅन या बेटाचे मुख्य पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. स्टीफन मात्र मोठ्या पदाच्या सावलीत न राहता शोधकामातच रमले. चेशायरमधील पॉइंटन गावी त्यांचे घर होते. कामावरून परतल्यावर तो माणूस घराचा असे. रविवारी गावच्या प्रार्थनामंदिरात तो प्रवचनही देई.

त्या वर्षीच्या जानेवारीत देशभर भीतीचे वातावरण होते. ५ जानेवारी रोजी लंडनच्या वुड ग्रीन भागातील एका घरावर छापा पडला. तेथे एरंडाच्या बिया आणि त्यांपासून रायसिन हे जहाल विष बनविण्याच्या कृती लिहिलेले कागद सापडले. त्या तपासाचे धागे इतर शहरांकडे जाऊ लागले. १४ तारखेला मँचेस्टरचे पोलीस क्रम्पसॉल लेनवरील एका सदनिकेत शिरले. ते एका विशिष्ट व्यक्तीला ताब्यात घेण्यासाठी गेले होते. आत तिघे सापडले. त्यांपैकी कामेल बुर्गास हा वुड ग्रीन प्रकरणात हवा असलेला माणूस आहे, हे प्रारंभी कोणाला ठाऊक नव्हते. ओळख पटेपर्यंत बराच वेळ गेला. हातात बेड्या नव्हत्या. अटक अटळ आहे हे ध्यानी येताच त्याने हिसका दिला आणि स्वयंपाकघरातली सुरी उचलली.

स्टीफन ओक यांच्याजवळ शस्त्र नव्हते, अंगावर संरक्षक जाकीटही नव्हते. त्यांनी त्याला कवेत धरले. आठ वार झाले. तरीही सहकाऱ्यांनी त्याला जेरबंद करेपर्यंत त्यांनी पकड सैल होऊ दिली नाही. आणखी तीन पोलीस त्या झटापटीत जखमी झाले. पकड सुटली असती तर त्या अरुंद जागेत आणखी कोणाचे प्राण गेले असते, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

पुढचे दिवस आम्हा स्थलांतरितांसाठी जड गेले. मारेकरी अल्जीरियातून आलेला होता, त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता. वर्तमानपत्रांचे मथळे पाहता पाहता बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे वळले. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहू लागली. एका माणसाच्या अपराधाचे ओझे सगळ्या समूहाच्या डोक्यावर ठेवले जाते तेव्हा काय होते, हे आम्हांस कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी ते गावकुसाबाहेर भोगले होते.

अशा वेळी रॉबिन ओक पत्रकारांसमोर आले. मुलाच्या मारेकऱ्याबद्दल त्यांना काय वाटते, असे विचारले गेले. सारी हयात पोलिसात घालवलेला, नुकताच पुत्र गमावलेला तो पिता म्हणाला की त्याने त्या माणसाला क्षमा केली आहे आणि तो त्याच्यासाठी प्रार्थना करील. हे शब्द त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून आले होते आणि पुढे २००८ साली त्यांनी त्यावर एक पुस्तकही लिहिले. आम्हांला मात्र ते ऐकताना मैत्री आणि करुणा हे आपल्या विहारांतले रोजचे शब्द आठवले. ते उच्चारणे किती सोपे आणि निभावणे किती अवघड, हे त्या दिवशी कळले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. क्षमा केली म्हणून कायदा थांबला नाही, आणि थांबूही नये. जून २००४ मध्ये बुर्गास खुनाच्या आरोपात दोषी ठरला. जन्मठेप झाली, किमान बावीस वर्षांची. वैर मनातून काढून टाकणे हे माणसाचे काम. न्याय करणे हे न्यायालयाचे. अत्याचारपीडितांना ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगणारे या दोहोंची गल्लत करतात. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध दिला आणि संविधानही दिले. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे त्यांना अभिप्रेत नव्हते.

न्यायाची दुसरी बाजूही त्याच खटल्यांत दिसली. विषप्रयोगाच्या कटाचा निकाल एप्रिल २००५ मध्ये लागला. बुर्गासला त्यात सतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या चार सहआरोपींना मात्र ज्यूरीने निर्दोष ठरविले आणि आणखी चौघांवरचा खटला पुढे चालविलाच गेला नाही. वुड ग्रीनच्या त्या घरात प्रत्यक्ष रायसिन तयार झालेच नव्हते, हे प्रयोगशाळेच्या तपासणीतून उघड झाले. मधल्या काळात इराक युद्धाची बाजू मांडताना त्या तथाकथित विषाचा उल्लेख थेट संयुक्त राष्ट्रांत झाला होता. एका पोलिसाच्या खऱ्या मृत्यूभोवती भीतीचे केवढे खोटे वलय उभे राहू शकते, याचा हा धडा आहे. ज्यूरीतल्या बारा सामान्य नागरिकांनी पुरावा तेवढाच पाहिला, ही त्यातली आशादायक बाब.

पोलीस या शब्दाशी आपले नाते गुंतागुंतीचे आहे. गावगाड्यात चोरांचा माग काढणे, सीमेची राखण करणे ही कामे महारांकडे होती. तरी पोलीस खात्याचे दार त्यांच्यासाठी बंद होते. ते उघडावे, ही बाबासाहेबांची मागणी होती. पुढे त्याच खात्याच्या लाठ्या नामांतराच्या मोर्चांवर पडल्या, आणि त्याच खात्यात आपली मुले-मुली अभिमानाने भरतीही झाली. आज येथे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी ‘मला पोलिसात जायचे आहे’ असे म्हटले की घरात क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेत भीती असते, जुना सल असतो. त्या मुलांना सांगण्यासाठी आमच्याजवळ स्टीफन ओक यांचे आयुष्य आहे: गणवेशाचा तोरा न मिरवणारे, घराला वेळ देणारे, आणि निर्वाणीच्या क्षणी सहकाऱ्यांसाठी आड उभे राहणारे.

मँचेस्टर कॅथीड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला तेव्हा पंतप्रधान उपस्थित होते. शौर्यपदकाला मात्र २००९ साल उजाडले. त्या वर्षी त्यांना मरणोत्तर क्वीन्स गॅलंट्री मेडल जाहीर झाले. मुले तोवर वडिलांवाचून मोठी झाली होती.

येत्या १४ जानेवारीला नामविस्ताराच्या शहिदांसाठी मेणबत्ती लावताना तिच्या शेजारी आणखी एक लावावी, एवढीच आमची विनंती. आणि मुलांनी ‘ही कोणासाठी?’ असे विचारले, तर ही हकिगत त्यांना सांगावी.

स्टीफन ओक यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम.