स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर : बदल नको, योग्य काडतूस हवे

नळी, चाप वा स्प्रिंग बदलण्याचा मोह धोक्याचा. काडतुसाची निवड परवाना आणि शस्त्रावरील छापानेच ठरते

प्रतिनिधी

वडगाव मावळ : कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळले आणि आंद्रा नदीच्या खोऱ्यात शिरले की आंदर मावळचा मुलूख सुरू होतो. पुढे ठोकळवाडी धरणाच्या कडेने रस्ता खांडी आणि कुसूरकडे जातो. एके काळी केवळ भातखाचरांनी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता पुण्या-मुंबईकरांची शेतघरे आणि कुंपण घातलेले भूखंडही दिसतात. एकांत हे या घरांचे आकर्षण आहे आणि चिंतेचे कारणही. त्यात १२ मे २०२३ रोजी तळेगाव दाभाडे नगर परिषदेच्या कार्यालयाबाहेर किशोर आवारे यांची भरदिवसा हत्या झाल्यानंतर संपूर्ण तालुक्यात सुरक्षिततेची चर्चा वाढली. अशा वातावरणात स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. शस्त्र हाती आल्यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये काही सुधारणा करून घेता येतील का? आणि त्यासाठी 'जोरदार' काडतूस कोणते?

परवाना कशासाठी, कोणाला?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार हा व्यवहार चालतो. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत जिल्हाधिकारी परवाना देतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ मध्ये स्थापन झाल्यावर तळेगाव परिसर त्याकडे गेला. वडगाव मावळ, कामशेत आणि लोणावळा ग्रामीण पोलिसांकडे राहिले. त्यामुळे एकाच तालुक्यात अर्ज कोठे करायचा, हे पत्त्यावरून ठरते.

स्वसंरक्षणाच्या परवान्यासाठी वय किमान २१ वर्षे असावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही नियमांनी आवश्यक केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

कायद्याने शेतकऱ्याच्या आणि घरमालकाच्या गरजेत फरक केला आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी लांब नळीची, आटे नसलेली बंदूक यांचा विचार कलम १३ मध्ये स्वतंत्रपणे केलेला आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'सबळ कारण' आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. शिवाय स्वसंरक्षणाच्या परवान्याने भातात शिरलेल्या रानडुकरावर गोळी झाडण्याचा अधिकार मिळत नाही. तेथे वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

'किरकोळ' बदलाचा अर्थ

परदेशी मासिकांत आणि चित्रफितींत रिव्हॉल्व्हरची नळी आखूड करणे, चाप हलका करणे, स्प्रिंगा बदलणे असे प्रकार सर्रास दिसतात. आपल्याकडे चित्र निराळे आहे. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. २०१९ पासून शस्त्राचे एका प्रवर्गातून दुसऱ्या प्रवर्गात रूपांतर करण्यासही मनाई आहे. .३२ बोरचे रिव्हॉल्व्हर सामान्य नागरिकाला मिळू शकते; .३८ किंवा ९ मिलिमीटर हे बोर निषिद्ध गटात मोडतात. म्हणजे बोर वाढवून घेणे हा 'सुधारणे'चा भाग उरत नाही; तो गुन्हा ठरतो. या कलमाच्या भंगासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. शस्त्रावरील क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे हाही गुन्हा आहे. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी यंत्राचे गणित हेच सांगते. चाप ओढला की घोडा मागे जातो, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येतो आणि काडतुसाच्या बुडावरील टोपीवर आघात करतो. स्प्रिंग हलकी केली तर आघात अपुरा पडून ऐन वेळी काडतूस पेटत नाही. चापाचा आणि घोड्याचा खाचेतील मेळ घासून कमी केला तर धक्क्यानेही घोडा सुटू शकतो. जड चाप हा रिव्हॉल्व्हरचा दोष नाही. स्वतंत्र खटका नसलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांमध्ये तीच पहिली सुरक्षा असते.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. शस्त्र हातातून पडल्याने ती सुटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. अशा शस्त्राच्या घोड्यावर आघात झाला तर बार उडू शकतो. म्हणूनच घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची जुनी रीत आहे. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडथळा ठेवणारी योजना असते. अननुभवी हाताने केलेला 'बदल' नेमकी तीच निकामी करू शकतो.

काडतूस निवडताना

कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणलेले 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर .३२ बोरचे आहे. त्याला लागते ते .३२ 'स्मिथ अँड वेसन लाँग' काडतूस. १८९६ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या या काडतुसाचे मेट्रिक माप ७.६५ × २३ मिलिमीटर. भारतीय बनावटीच्या 'अशनी' पिस्तुलाला लागणारे काडतूसही .३२ बोरचेच म्हणवले जाते, पण त्याचे माप ७.६५ × १७ मिलिमीटर आणि त्याचा दाब अधिक. नावातील साम्यामुळे गल्लत होण्याची शक्यता असते. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरले तरी ते त्यासाठी बनलेले नाही. शस्त्रावर कोरलेले माप, परवान्यात लिहिलेला बोर आणि काडतुसाच्या डब्यावरचा छाप या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. किती काडतुसे बाळगायची, हेही परवान्यातच नमूद असते.

पुणेकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण देशातील अनेक परवानाधारकांची काडतुसे खडकीत बनतात. १८६९ मध्ये सुरू झालेली खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. काडतुसाच्या बुडावरील 'के. एफ.' ही अक्षरे खडकीच्या जुन्या इंग्रजी नावाची, म्हणजे 'किरकी फॅक्टरी'ची खूण होय.

'अधिक जोरदार' काडतुसाचा आग्रह घरासाठी निरर्थक आहे. पत्र्याचे कूड किंवा पातळ दरवाजा रिव्हॉल्व्हरची गोळी अडवत नाही. पलीकडच्या खोलीत कोण आहे, हे गोळीला कळत नाही. त्यापेक्षा काडतूस ताजे आणि कोरडे असणे महत्त्वाचे. मावळचा पाऊस आणि दमट हवा पितळेची शत्रू आहे. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवलेल्या काडतुसांवर हिरवट कळकट थर चढतो. ओलावा आत गेला तर काडतूस फुसके निघते किंवा उशिरा पेटते. अर्धवट जोराने निघालेली गोळी नळीत अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली, तर नळी फुटू शकते.

बंद घरात शस्त्र नको

आठवडाअखेर वापरल्या जाणाऱ्या घरात शस्त्र ठेवून सोमवारी शहरात परतणे, किंवा ते राखणदाराच्या हवाली करणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. अनधिकृत व्यक्तीकडे शस्त्र सोपवणे कलम २९ खाली गुन्हा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्या हत्येत वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील होते, असे तपासात पुढे आले. परवानाधारक शस्त्रही दुसऱ्याच्या हाती गेले की काय घडते, याचे हे उदाहरण.

जमिनीच्या वादात शस्त्र 'नुसते दाखवणे'ही महागात पडते. शेजारच्या मुळशी तालुक्यात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये पसरली; त्यातून गुन्हा, अटक आणि परवाना रद्द का करू नये अशी नोटीस, असे सारे घडले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मात्र त्याला मर्यादा आहे : धोक्याच्या निवारणास आवश्यक तेवढेच बळ, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तेवढेही नाही.

परवानाधारकांनी हे पाहावे

- शस्त्रावरील, परवान्यावरील आणि डब्यावरील माप एकच असल्याची खात्री करावी.
- चाप, नळी, स्प्रिंग यांना हात लावू नये; दोष आढळल्यास परवानाधारक कारागीर गाठावा.
- काडतुसे म्यानात न ठेवता कोरड्या, कुलूपबंद जागी शस्त्रापासून वेगळी ठेवावीत.
- डाग पडलेली वा जुनी काडतुसे वापरू नयेत. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत.
- दीर्घकाळ बाहेरगावी जाताना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते.
- लग्न वा मिरवणुकीत हवेत गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.