डेव्हिस करंडक आणि अव्वल खेळाडूंची बांधिलकी

ऑक्टोबर २०२५मध्ये डेव्हिस करंडकाच्या अंतिम टप्प्यासाठी इटलीचा संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात यानिक सिनरचे नाव नव्हते. स्पर्धा इटलीतच, बोलोन्या शहरात होती. आधीची दोन वर्षे इटलीने हा करंडक जिंकला होता आणि दोन्ही विजयांत सिनरचा वाटा मोठा होता. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तयारीसाठी एक आठवडा जास्त हवा, असे कारण त्याने दिले. इटलीत त्यावरून गदारोळ उठला. जाहीर नाराजी व्यक्त करणाऱ्यांत इटलीचेच जुने खेळाडू निकोला पिएत्रांजेली होते. डेव्हिस करंडकात त्यांच्याइतके सामने (१६४) कुणी खेळलेले नाही आणि त्यांच्याइतके (१२०) कुणी जिंकलेलेही नाहीत. नोव्हेंबरात मात्तेओ बेरेत्तिनी आणि फ्लाव्हिओ कोबोल्ली यांनी सिनरविना करंडक राखला. उपांत्य लढतीत कोबोल्लीने बेल्जियमच्या झिझू बेर्ग्सविरुद्ध सात मॅच पॉइंट वाचवले आणि शेवटचा टायब्रेक १७-१५ असा घेतला. अंतिम लढतीत समोर स्पेन होता, तोही कार्लोस अल्काराझविना. बोलोन्याला पोहोचूनही मांडीच्या दुखापतीमुळे त्याला माघार घ्यावी लागली होती.

दुखापत आणि स्वेच्छेने घेतलेली सुटी यांत फरक आहे. तरीही देशांमधली सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा जगातल्या पहिल्या दोन खेळाडूंविना पार पडली, हे खरे. अव्वल खेळाडूने अशा स्पर्धेला स्वतःला बांधून घ्यावे का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला. तो नवा मात्र नाही. करंडकाच्या पहिल्याच लढतीत तो उपस्थित होता.

हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ड्वाइट डेव्हिस यांनी १९००मध्ये पदरच्या पैशांनी सुमारे पावणेसात किलो चांदीचे एक भांडे घडवून घेतले. त्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या लाँगवुड क्रिकेट क्लबच्या हिरवळीवर अमेरिका आणि ब्रिटिश बेटांचा संघ समोरासमोर आले. अमेरिकेच्या संघात डेव्हिस स्वतः होते. ब्रिटनचे त्या काळचे सर्वांत बलाढ्य खेळाडू डोहर्टी बंधू मात्र आले नाहीत आणि अमेरिका ३-० अशी जिंकली. पुढे अनेक दशके विजेत्या देशाचे काम सोपे होते. १९७१पर्यंतच्या नियमानुसार गतविजेता फक्त आव्हानवीराशी, म्हणजे वर्षातून एकदाच खेळे. १९७२पासून त्यालाही पहिल्या फेरीपासून उतरावे लागले. आघाडीच्या देशांतील खेळाडूंवरचा भार खऱ्या अर्थाने तिथून वाढला.

खेळाडूंना देशासाठी खेळायचे नसते, असा सरसकट समज करून घेणे इतिहासाला धरून नाही. रॉड लेव्हर १९६२मध्ये चारही ग्रँड स्लॅम जिंकून व्यावसायिक झाले आणि डेव्हिस करंडकाचे दार त्यांना बंद झाले. ते बंद केले होते हौशी टेनिसच्या संघटनांनी. १९७३मध्ये करारबद्ध व्यावसायिकांना परवानगी मिळाली, तेव्हा पस्तिशीतले लेव्हर परत आले आणि क्लीव्हलँडमध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ५-० असे हरवले.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूचा स्फोट झाला. युगोस्लाव्हियाची न्यूझीलंडशी झाग्रेबला लढत होती आणि निकोला पिलिच तिला हजर राहिले नाहीत. त्यांना माँट्रियलची दुहेरी स्पर्धा खेळायची होती. आपण येण्याचा शब्द दिलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे. दिला होता, असे देशाच्या टेनिस संघटनेचे. युगोस्लाव्ह संघटनेचे अध्यक्ष नात्याने पिलिच यांच्या पत्नीचे काका होते, त्यामुळे घरातले भांडण चव्हाट्यावर यावे तशी त्याला धार आली. संघटनेने नऊ महिन्यांची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती एक महिन्यावर आणली, पण त्या महिन्यात विम्बल्डन येत होते. खेळाडूंची संघटना एटीपी तेव्हा वर्षाचीही झालेली नव्हती. पिलिच यांच्या पाठीशी ती उभी राहिली आणि ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. सोळा मानांकितांपैकी तेरा जण आणि गतविजेते स्टॅन स्मिथ त्यांत होते. अजिंक्यपद यान कोदेश यांनी पटकावले. उपांत्यपूर्व फेरीत त्यांना पाच सेट झुंजवणारा खेळाडू होता भारताचा विजय अमृतराज. व्यावसायिक टेनिसमध्ये आपला वेळ कुठे द्यायचा हे खेळाडू ठरवणार, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात कायमची ठरून गेली. विशेष म्हणजे हेच पिलिच पुढे न खेळणारे कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली जर्मनीने तीनदा व क्रोएशियाने एकदा हा करंडक जिंकला. देशासाठी खेळण्याला त्यांचा विरोध कधीच नव्हता; जबरदस्तीला होता.

सांघिक लढत खेळाडूकडून किती घेते, याचे उदाहरण म्हणून डिसेंबर १९९५ची मॉस्कोतली अंतिम लढत पाहावी. पीट सॅम्प्रस यांना क्ले कोर्ट फारसे मानवत नसे, म्हणून रशियाने बंदिस्त स्टेडियममध्ये मुद्दाम क्ले अंथरले. पहिल्या दिवशी आंद्रेई चेस्नोकोव्हविरुद्ध पाच सेट झाले. शेवटचा गुण जिंकताच सॅम्प्रस यांच्या पायांत गोळे आले, ते जागीच कोसळले आणि त्यांना अक्षरशः उचलून बाहेर न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी ते दुहेरी खेळले आणि जिंकले. तिसऱ्या दिवशी येवगेनी काफेलनिकोव्हला हरवून त्यांनी अमेरिकेला ३-२ असा करंडक मिळवून दिला. तिन्ही विजयांत त्यांचा हात होता. खुद्द अमेरिकेत मात्र या पराक्रमाची फारशी दखल घेतली गेली नाही.

उलट बाजूही तितकीच ठोस आहे. डिसेंबर २०१०मध्ये बेलग्रेडला सर्बियाने करंडक जिंकला आणि त्यानंतर नोव्हाक जोकोविचने २०११च्या मोसमाची सुरुवात सलग ४१ विजयांनी केली. नोव्हेंबर २०२३मध्ये मालागाला सिनरने त्याच जोकोविचविरुद्ध ओळीने तीन मॅच पॉइंट वाचवले, करंडक घरी नेला आणि दोन महिन्यांत कारकिर्दीतले पहिले ग्रँड स्लॅम जिंकले. सांघिक विजयामुळेच हे घडले असे सिद्ध करता येत नाही, पण त्या आठवड्यांनी त्यांचे नुकसान केले नाही एवढे उघड आहे. किंमत मोजणारेही आहेत. हुआन मार्तिन देल पोत्रोने २०१६मध्ये झाग्रेबला मारिन चिलिचविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली आणि अर्जेंटिनाला पहिला करंडक मिळाला. लगेच आलेले ऑस्ट्रेलियन ओपन त्याला विश्रांतीसाठी सोडावे लागले.

भारताच्या दृष्टीने या प्रश्नाचे वजन वेगळे आहे. एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा खेळाडू भारताला मिळालेला नाही. भारतीय टेनिसचे मोठे दिवस बहुतांशी डेव्हिस करंडकाचेच दिवस आहेत. १९६६च्या डिसेंबरात कोलकात्याला ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली होती. निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन थोमाझ कोखविरुद्ध दोन सेटला एक असे मागे होते आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असे पिछाडीवर. तिथून त्यांनी तो सेट ७-५ आणि पाचवा ६-२ असा घेतला. भारत प्रथमच अंतिम लढतीत पोहोचला.

१९७४ची कहाणी पुण्याशी जोडलेली आहे. त्या वर्षी भारताने आधी कोलकात्याला ऑस्ट्रेलियाला नमवले आणि मग पुण्यात सोव्हिएत संघाला ३-१ असे हरवून अंतिम लढत गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायचे नाही, हा भारताचा निर्णय झाला आणि न खेळता करंडक दक्षिण आफ्रिकेला गेला. निर्णय योग्यच होता. त्याची किंमत मात्र ज्यांनी वर्षभर घाम गाळला त्या विजय आणि आनंद अमृतराज यांच्या पिढीने चुकवली. तितकी चांगली संधी त्यांना पुन्हा आली नाही. १९८७मध्ये विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या संघाने सिडनीत ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले खरे, पण अंतिम लढतीत स्वीडनने गॉथेनबर्गला ५-० अशी मात दिली.

लिअँडर पेसची एकेरीतली सर्वोत्तम जागतिक क्रमवारी ७३. त्याच पेसने १९९३मध्ये फ्रान्समधल्या फ्रेजूसला आंरी लेकाँत आणि आर्नो बोएश यांना हरवले आणि १९९५मध्ये दिल्लीत गोरान इव्हानिसेविचविरुद्ध दोन सेट मागे असताना सामना खेचून आणला. क्रमवारीत जे दिसत नाही ते देशाच्या लढतीत बाहेर येते, याचे याहून चांगले उदाहरण भारतीय टेनिसमध्ये नाही. डेव्हिस करंडकाच्या दुहेरीतल्या ४३व्या विजयाचा विक्रम त्याला फेब्रुवारी २०१७मध्ये पुण्यात बालेवाडीला करायचा होता. तो न्यूझीलंडने लांबवला आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये तियानजिनला पुरा झाला.

याच भारतात खेळाडू आणि संघटना यांचे संबंधही पुनःपुन्हा ताणले गेले. २०१३मध्ये सोमदेव देववर्मनच्या पुढाकाराने अकरा खेळाडूंनी दक्षिण कोरियाविरुद्धच्या लढतीवर बहिष्कार टाकला. बक्षिसाच्या रकमेतला वाटा, प्रवासाची सोय आणि संघाबाबतच्या निर्णयांत खेळाडूंचे मत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दुय्यम संघ घेऊन भारत १-४ असा हरला. २०२४मध्ये स्वीडनविरुद्धच्या लढतीतून पाठदुखीमुळे सुमित नागलने माघार घेतल्यावर संघटनेने सांगितले, की त्याने वर्षाला ५० हजार डॉलर मागितले होते. मानधन घेणे ही व्यावसायिक खेळातली सर्वमान्य पद्धत आहे, असे नागलचे उत्तर होते. ते बरोबर आहे. क्रमवारीत शंभरच्या आसपास असलेल्या खेळाडूला प्रशिक्षक, फिजिओ आणि विमानभाडे स्वतःच्या कमाईतून भागवावे लागते. लढतीच्या आठवड्यात ती कमाई थांबते, खर्च थांबत नाही. नागल परतला आणि सप्टेंबर २०२५मध्ये बील इथे त्याच्या आणि दक्षिणेश्वर सुरेशच्या खेळावर भारताने स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवले. फ्रेजूसनंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, युरोपीय संघावर त्याच्याच भूमीत मिळालेला हा भारताचा पहिला विजय.

अव्वल खेळाडूंना आकर्षित करण्यासाठी सर्वांत मोठा प्रयोग २०१८मध्ये झाला. फुटबॉलपटू जेरार्ड पिके यांच्या कोसमॉस कंपनीने २५ वर्षांत तीन अब्ज डॉलर ओतण्याचा प्रस्ताव आणला. ऑर्लँडोच्या सभेत तो ७१.४३ टक्के मतांनी संमत झाला. दोनतृतीयांश मते पुरेशी होती. पाच सेटचे सामने तीनवर आले, पाच सामन्यांची अंतिम लढत तीनची झाली आणि आपल्या किंवा परक्या गावी होणाऱ्या मुख्य लढतींऐवजी सगळे संघ एकाच शहरात, एकाच आठवड्यात खेळू लागले. पहिल्या वर्षी माद्रिदमध्ये राफाएल नदालने आठच्या आठ सामने जिंकून स्पेनला विजय मिळवून दिला. त्याच आठवड्यात इटली आणि अमेरिका यांची लढत पहाटे चार वाजून चार मिनिटांनी संपली. जानेवारी २०२३मध्ये महासंघाने कोसमॉसशी करार संपवला. २५ वर्षांची योजना पाच वर्षेही टिकली नाही. २०२५पासून पात्रतेच्या सर्व लढती देशोदेशी खेळल्या जाऊ लागल्या आहेत, पण शेवटचे आठ संघ अजून एकाच शहरात भिडतात. सामने छोटे केल्याने अव्वल खेळाडू येतातच असे नाही, हे सिनरच्या निर्णयाने दाखवले. गमावला तो घरचा प्रेक्षक. २०१४मध्ये लीलच्या फुटबॉल स्टेडियममध्ये फ्रान्स आणि रॉजर फेडररचा स्वित्झर्लंड यांची अंतिम लढत पाहायला २७,४४८ लोक आले होते. तटस्थ शहरात तशी गर्दी जमत नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. २०२५चा मोसम युनायटेड कप या देशांच्या सांघिक स्पर्धेने २७ डिसेंबर २०२४लाच सुरू झाला आणि २३ नोव्हेंबरला बोलोन्यात संपला. मास्टर्स दर्जाच्या नऊ स्पर्धांपैकी सात आता बारा दिवसांच्या आहेत. पूर्वी त्यांतल्या बहुतेक एका आठवड्यात उरकत. युनायटेड कपला क्रमवारीचे गुण मिळतात. डेव्हिस करंडकाला ते २००९ ते २०१५ या काळात मिळत, नंतर बंद झाले. म्हणजे देशासाठीची जुनी स्पर्धा गुणांविना, वर्षाच्या अखेरीस, थकलेल्या शरीराने खेळायची. थकव्याची ही तक्रार खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. सिनरने त्याच ऑक्टोबरात रियाधची प्रदर्शनीय स्पर्धा खेळली आणि जिंकली. तिच्या विजेत्याला ६० लाख डॉलर मिळतात. प्रदर्शनीय सामन्यांसाठी आठवडा काढता येतो, तर देशासाठी का नाही, असे इटलीच्या चाहत्याने विचारले, तर तो प्रश्न रास्त आहे.

ऑलिंपिकसाठी पात्र ठरायचे, तर खेळाडूने ठरावीक वेळा डेव्हिस किंवा महिलांच्या बिली जीन किंग करंडकासाठी उपलब्ध राहिले पाहिजे, असा महासंघाचा नियम आहे. एवढी सक्ती पुरेशी आहे. बंदीची भाषा १९७३मध्येच फसली. खेळाडूकडून वर्षाला एका लढतीचा शब्द मोसम सुरू होण्याआधी घ्यावा, त्याचे मानधन लेखी ठरवावे, गुण परत द्यावेत आणि शेवटच्या फेऱ्याही देशांच्या घरच्या मैदानांवर न्याव्यात. एवढे केल्यावर निरोगी अव्वल खेळाडूने तो शब्द पाळलाच पाहिजे, कारण ज्या संघटनेच्या कोर्टवर तो घडला, तिचे उत्पन्न आणि पुढच्या मुलांचा उत्साह या लढतींवर उभा असतो. एप्रिल २०२५मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीत बिली जीन किंग करंडकाचा आशिया-ओशनिया गट खेळला गेला. श्रीवल्ली भामिदीपतीने एकेरीचे पाचही सामने जिंकले आणि भारत प्लेऑफमध्ये गेला. पुण्याची वैष्णवी आडकर त्या संघात होती. महाराष्ट्रात रॅकेट हाती घेणाऱ्या मुलींना देशाचा संघ आपल्या गावात जिंकताना पाहायला मिळाला, तो अशाच एका स्पर्धेमुळे.