आस्तिक कोण, नास्तिक कोण?

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूरचे रस्ते पांढऱ्या बाराबंद्यांनी भरून जातात. सात नंदीध्वज मिरवत निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह दरवर्षी नव्याने लागतो. हा सारा सोहळा ज्या सत्पुरुषाच्या नावाने चालतो, त्याच्या चरित्रात एक अवघड प्रसंग आहे. ही लिंगे कशासाठी, हे तळे कशासाठी आणि तुझा देव नेमका आहे कोठे, असे त्यांच्याच गावात येऊन एका परक्या माणसाने त्यांना विचारले होते. ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द आज ज्या सहजतेने परस्परांच्या अंगावर फेकले जातात, ती सहजता या प्रसंगापुढे टिकत नाही.

मुळात हे शब्दच तपासून घेतले पाहिजेत. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणाऱ्या वैयाकरणांनी परलोक आहे असे मानणारा तो आस्तिक, असा अर्थ लावला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. दोन्ही ठिकाणी कसोटी ईश्वराची नाही. म्हणूनच ज्यांनी जगाची उपपत्ती ईश्वरावाचून लावली ते सांख्य आस्तिक ठरले, आणि जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन करणारे मीमांसक कुमारिल भट्ट तर वैदिक परंपरेचे कैवारी मानले गेले. उलटपक्षी जैन आत्मा मानतात, पुनर्जन्म मानतात, कर्मफल आणि मोक्षही मानतात. परंतु वेदप्रामाण्य मानीत नाहीत, म्हणून त्यांचे पान चार्वाकाच्या शेजारी मांडले गेले. एकीकडे परलोक हसण्यावारी नेणारा चार्वाक आणि दुसरीकडे त्याच परलोकाच्या धाकाने पायाखालची मुंगीही जपणारा मुनी! या पंक्तिव्यवस्थेने दोघांचीही पंचाईतच केली असणार.

जैनांच्या या निरीश्वरवादाशी सोलापूरचा संबंध निकटचा आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेल्या जिनसेनाचार्यांनी आपल्या आदिपुराणात जगत्कर्त्याच्या कल्पनेची कसून उलटतपासणी केली आहे. जग घडविण्यापूर्वी ईश्वर कोठे होता? साहित्यावाचून त्याने ते घडविले कसे, आणि साहित्य आधीच होते म्हणावे तर ते कोणी निर्मिले? तो परिपूर्ण असेल तर त्याला निर्मितीची इच्छा का व्हावी, आणि अपूर्ण असेल तर कुंभारापेक्षा त्याचे सामर्थ्य अधिक कसे? अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरच्याच मुलखात, पूर्वेकडे आहे.

पुढे हजार वर्षांनी या विचारपरंपरेचे ग्रंथ शास्त्रशुद्ध रीतीने प्रसिद्ध करण्याचे काम गिरण्यांच्या या गावानेच अंगावर घेतले. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ येथे विद्वानांना एकत्र बोलावले आणि त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. पुढे त्यांनी आपली मालमत्ताही या कार्याला देऊन टाकली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ १९४३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत बाहेर पडला. १९४९ मध्ये आसामचे पंडित कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलका’वरील विस्तृत अभ्यासग्रंथ याच मालेतून आला. निरनिराळ्या दर्शनांची मोक्षाविषयीची मते काय होती, याचा ऊहापोह त्यात आहे. जगाला कर्ता नाही असे मानणाऱ्या परंपरेसाठी एक गृहस्थ आपली मालमत्ता देऊन टाकतो, त्या गृहस्थाला नास्तिक म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

जैन मंदिरात रोज पूजा होते. पण ज्याची पूजा होते त्याने जग घडविलेले नाही, आणि तो कोणाच्या प्रार्थनेला पावणारही नाही. तो मुक्त झालेला आहे, एवढेच त्याच्या पूज्यत्वाचे कारण. (व्यवहारात भाविक त्याच्यापाशीही काही ना काही मागतातच, ही गोष्ट वेगळी.)

आता सिद्धरामेश्वरांचा तो प्रसंग. बाराव्या शतकातील हा सोन्नलिगेचा, म्हणजे सोलापूरचा, शिवयोगी. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने त्यांचे चरित्र गायिले. गुरे राखणाऱ्या मुलाला रानात एक जंगम भेटतो आणि खायला मागतो. मुलगा घरून दहीभात घेऊन येतो तो जंगम नाहीसा झालेला. त्याच्या शोधात ते पोर यात्रेकरूंबरोबर श्रीशैलापर्यंत जाते आणि शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघते, तेव्हा मल्लिकार्जुन त्याला दर्शन देतो. गावी परतून सिद्धरामांनी मंदिर बांधले, लिंगे स्थापिली, माणसे जमवून तळे खोदविले. त्यांचा देव हाक मारल्यावर येणारा, भूक लागणारा, हरवणारा आणि सापडणारा देव होता.

तळ्याचे काम चालू असताना अल्लमप्रभू तेथे आले. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’त हा प्रसंग रंगून सांगितला आहे. अल्लमांनी सिद्धरामांना दगड फोडणाऱ्या मजुराच्या नावाने हाक मारली. आपल्या गुरूचा हा अपमान कामावरच्या लोकांना सहन झाला नाही. त्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला. आख्यायिका सांगते की दगडांचा ढीग झाला, पण त्यांना एकही लागला नाही. मग सिद्धराम स्वतः संतापून धावले. पुढे झालेल्या संवादाचा रोख असा, की बाहेर बांधलेले सारे आटणारे, ढासळणारे आहे. देव आत ओळखावयाचा. सिद्धराम नमले, कल्याणला गेले आणि चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली.

दगड मारणाऱ्यांच्या लेखी अल्लमप्रभू कोण होते? देवाच्या कामात विघ्न आणणारा पाखंडीच. वस्तुतः अल्लम देव नाकारीत नव्हते. उलट त्याच्याविषयी त्यांची अपेक्षा फार मोठी होती. तरीही एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. देवाविषयी अल्लमांचे म्हणणे पटते, तळ्याविषयी सहज पटत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी या जिल्ह्यात काढला आहे, त्यांना तळे खोदणे हा निव्वळ बाह्य उपचार वाटणे कठीण आहे.

प्रश्न विचारणारा देवाचा वैरी, हे समीकरण मात्र आठशे वर्षांत फारसे बदललेले नाही. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसत. लागू देवाची कल्पनाच नाकारीत, तर दाभोलकर आपल्या समितीचा विरोध देवाला नसून शोषणाला आहे असे सांगत. देव-धर्म बुडविण्याचा आरोप तरीही दोघांवर सारखाच झाला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिक येथील एका शिक्षकाचे गाऱ्हाणे आले. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडीत नसत, म्हणून त्यांची वेतनवाढ अडविण्यात आली होती. हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील तीन मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला होता. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांची कडवी ईश्वरनिष्ठा त्यांना आपल्या देवाच्या प्रार्थनेखेरीज दुसरे काही गाऊ देत नव्हती. केरळातील मुले अतिश्रद्धेने गप्प राहिली. नाशिकच्या शिक्षकाने कोणत्या श्रद्धेने वा अश्रद्धेने हात जोडले नाहीत, याचा हिशेब मागण्याचे शाळेला कारण नव्हते. वर्गातला मुलगा डोळे मिटून उभा आहे की उघडे ठेवून, यावरून त्याच्या चारित्र्याचा शेरा लिहिणारे मुख्याध्यापक अजूनही भेटतात.

सिद्धरामेश्वर कल्याणला जाऊन आले, तरी त्यांची समाधी सोलापुरातच आहे. तळ्याने वेढलेल्या त्याच मंदिराच्या आवारात. अल्लमप्रभूंचे म्हणणे त्यांनी मानले होते, पण खोदलेले तळे बुजविले नव्हते.