यादीत नाही, तर सापडत नाही!

वेबसाइट उघडायला जावं आणि पडद्यावर नुसतंच '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' यावं, असं तुम्ही किंवा तुमच्या आईबाबांनी पाहिलं असेल. या मोघम वाक्यामागे कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक मोठं गमतीचं आहे. हवी ती फाईल संगणकातच असते, पण सर्व्हरला ती सापडत नसते!

हे कसं काय? 'पर्ल' या संगणकभाषेचं उदाहरण घेऊ. लॅरी वॉल यांनी ती १९८७ साली जगापुढे आणली. पुढे वेबसाइटवरचे फॉर्म वाचणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, पर्लमध्ये लिहिले गेले. आता प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून कोण लिहीत बसणार? नेहमीच्या कामांच्या तयार फाइली असतात, त्या मागवायच्या. अशा फाइलींच्या साठ्याला लायब्ररी म्हणतात.

पण स्क्रिप्टनं फाईल मागितली की पर्ल सगळा संगणक धुंडाळत नाही बरं का! तिच्याजवळ फोल्डरांची एक यादी असते. तिला 'ॲट-इन्क' म्हणतात. त्या यादीतले फोल्डर ती ओळीनं बघते. यादी संपली की हात वर! शाळेतलं पुस्तक शेजारच्याच खोलीतल्या कपाटात असेना का. कपाट यादीत नाही, तर तिच्या लेखी पुस्तकच नाही.

खरी फजिती पुढेच आहे. स्क्रिप्ट आपण चालवली तर झकास चालते, वेब सर्व्हरनं चालवली की अडते. कारण सर्व्हरचं खातं वेगळं असतं. आपण आपल्या खात्यात यादीला जादा फोल्डर जोडले असतील, तर ते त्याला ठाऊकच नसतात.

मग शोधायचं कुठे? सर्व्हरच्या 'एरर लॉग'मध्ये, म्हणजे चुकांच्या रोजनिशीत. कोणती फाईल मिळाली नाही आणि कुठे कुठे पाहिलं, ती अख्खी यादी तिथे छापलेली असते. लांबलचक ओळ बघून लोक घाबरतात, वाचतच नाहीत. वाचावी. फाईल संगणकात असून तिचा फोल्डर यादीत नसेल, तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'यूज लिब' लिहून फोल्डरचा पत्ता द्यायचा. पूर्ण पत्ता, हं! अर्ध्या पत्त्याचा अर्थ सर्व्हर कोणत्या फोल्डरात उभा आहे त्यावर बदलतो. फाईल मुळातच नसेल, तर ती बसवावी लागते. फॉर्म वाचणारी प्रसिद्ध 'सीजीआय' लायब्ररी अशीच २०१५ साली, ५.२२ आवृत्तीत, पर्लच्या मूळ संचातून बाहेर गेली.

२०१७ साली तर आणखी मजा झाली. तोवर 'आत्ता ज्या फोल्डरात आहोत तो' यादीच्या शेवटी आपोआप असायचा. तो एका टिंबानं दाखवतात. पण इतरत्र न सापडलेल्या नावाची फाईल कुणी खोडसाळपणे तिथे टाकली, तर पर्ल तीच उचलणार! म्हणून ५.२६ आवृत्तीत टिंब काढून टाकलं. झालं! त्या टिंबाच्या भरवशावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्क्रिप्ट, एक अक्षर न बदलता, अडून बसल्या.

घरी लिनक्सचा संगणक असेल, तर टर्मिनलमध्ये 'पर्ल' हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल 'व्ही'. अगदी शेवटी यादी दिसेल. बघा बरं, तुमच्या यादीत टिंब आहे का?