नागमोडी म्हणजे नक्की कशी?

मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण सहज ‘नागमोडी’ म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी ‘सिन्युअस’ हा शब्द आहे. पण लाटांसारख्या आकाराला ‘अंड्युलेटिंग’ असेही म्हणतात. मग हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत काय?

नाहीत. ‘अंड्युलेटिंग’चे मूळ ‘उंडा’, म्हणजे लाट, या लॅटिन शब्दात आहे. भूगोलात तो चढउताराच्या जमिनीला लावतात. ‘सिन्युअस’चे मूळ ‘सिनुस’, म्हणजे बाक किंवा घडी. येथे वळण डावी-उजवीकडे असते. डोंगरउतार सोडून सपाटीवर आलेली नदीही सिन्युअस असू शकते. अंड्युलेटिंग मात्र नव्हे.

हा ‘सिनुस’ तुम्हांला त्रिकोणमितीत ‘साइन’ म्हणून भेटतो. त्याची कथा मोठी मौजेची आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘ज्या’ वापरली. तिचाच पर्याय ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाला. अरबीत स्वर सहसा लिहीत नसल्याने तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे ‘सिनुस’ केले. एका वाचनदोषाने धनुष्याच्या दोरीची घडी झाली!

आता नदीकडे वळू. वेण्णा महाबळेश्वरी उगम पावते, मेढ्यावरून वाहते आणि माहुलीला कृष्णेस मिळते. कोणत्याही नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग जास्त असतो. तो काठ झिजतो. आतल्या काठाशी वेग मंदावतो. तेथे वाळू-गाळ साचतो. त्यामुळे वळण आणखी वाढत जाते. बाहेरच्या काठावरील शेताची माती नदी नेते ती अशी.

ही वक्रता मोजताही येते. नकाशावर पात्रावरून दोरा ठेवून त्याची लांबी मोजा. मग तिला दोन टोकांमधील सरळ अंतराने भागा. पात्र १५ सें. मी. व सरळ अंतर १० सें. मी. असेल, तर उत्तर १.५. साधारणतः १.५ वा अधिक उत्तर आले, तर भूगोलतज्ज्ञ त्या नदीला नागमोडी म्हणतात.

वेण्णेवर हा प्रयोग करताना मेढ्याच्या वरचा भाग निवडा. खाली कण्हेर धरणाचा जलाशय असल्याने मूळ पात्र पाण्याखाली गेले आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता शब्दकोशाशिवाय, दोरा व पट्टी घेऊन तुम्हांला देता येईल.